सिम्युलेटेड पेशंट आणि समस्याधारित वैद्यकीय शिक्षण: नाशिकमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यातल्या वैद्यकीय कॉलेजांत शिकवणारे, तिथे शिकणारे, आणि ‘पेशंटचं काम करायला माणसं हवी आहेत’ हे कुठून तरी कानावर आलेले नाशिककर, अशा तिघांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं शिकवणाऱ्याच्या खुर्चीतून दिलेली आहेत, त्यामुळे त्यात मतंही आली आहेत.

सिम्युलेटेड पेशंट म्हणजे नेमकं कोण?

एखाद्या आजाराची हकिकत, त्या माणसाचं वागणं-बोलणं आणि जमतील तेवढी लक्षणं शिकून विद्यार्थ्यासमोर पेशंट म्हणून बसणारी धडधाकट व्यक्ती. परीक्षेत पहिल्या विद्यार्थ्याला जसा पेशंट मिळाला तसाच चाळिसाव्यालाही मिळावा म्हणून उत्तरं पक्की घोटवून घेतली, की त्याच व्यक्तीला स्टँडर्डाइज्ड पेशंट म्हणतात. बोलताना दोघांनाही ‘एसपी’ म्हणतात. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांशी त्याचा संबंध नाही. हे सांगावं लागतं, कारण फोनवर गोंधळ होतो.

ही कल्पना आली कुठून?

हॉवर्ड बॅरोज या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टकडून, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरकडून. तरुणपणी त्यांनी एक पेशंट पाहिला होता. तज्ज्ञ डॉक्टर होण्यासाठीच्या बोर्डाच्या परीक्षेत त्याला एकामागून एक परीक्षार्थी तपासत. त्यातला एक जण धसमुसळा आणि उद्धट वागला, तेव्हा या पेशंटने आपली लक्षणं चक्क बदलून दाखवली, आणि नंतर बॅरोजना तसं सांगूनही टाकलं. पेशंटला लक्षणं दाखवता येतात, लपवता येतात आणि डॉक्टर कसा वागला यावर त्याचं मतही असतं, हे तिथे दिसलं. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात त्यांनी चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका बाईंना पायांतलं बळ गेलेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या पेशंटची भूमिका शिकवली. १९६४ मध्ये त्यावरचा लेख प्रसिद्ध झाला. ‘हॉलिवूडजवळचं कॉलेज, दुसरं काय करणार’ अशा थाटाची टिंगल झाली. कल्पना रुजायला पुढची बरीच वर्षं गेली.

समस्याधारित शिक्षणात कागदावरची केस पुरत नाही का?

इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण बाकीचं सगळं यावर उभं आहे.

समस्याधारित शिक्षण, म्हणजे पीबीएल, १९६९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात पूर्ण अभ्यासक्रम म्हणून सुरू झालं. आधी लेक्चर आणि मग पेशंट, हा क्रम तिथे उलटा केला. सहा ते दहा विद्यार्थ्यांच्या गटापुढे समस्या येते, त्यातलं आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही ते गट ठरवतो, जे माहीत नाही ते वाचून येतो आणि पुढच्या बैठकीत त्याच समस्येला लावून पाहतो. ट्यूटर उत्तर देत नाही, गट भरकटू नये एवढं बघतो.

आता ही समस्या बहुतेक ठिकाणी कागदावर येते. ‘४८ वर्षांचा पुरुष, मधुमेही, दोन तासांपासून वरच्या पोटात व छातीत जळजळ, घाम.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने विद्यार्थ्याचं निम्मं काम करून टाकलेलं आहे. कोणती गोष्ट महत्त्वाची ते निवडलं, दोन तास हा कालावधी पक्का केला, घामाची नोंद केली. त्या माणसाने पंचवीस वाक्यं बोलली असतील आणि त्यात घाम शेवटी, तोही ‘मोटारसायकलवर आलो ना, ऊन होतं’ अशा कारणासकट आला असेल. डॉक्टरकीचं अवघड काम त्या पंचवीस वाक्यांमधून या एका ओळीपर्यंत येण्याचं आहे, आणि कागदाची केस नेमका तेवढाच प्रवास गाळते.

गटासमोर माणूस बसवला की विचारलं नाही ते मिळत नाही. माझ्या मते सिम्युलेटेड पेशंटची सगळी किंमत यात आहे. अभिनय दुय्यम.

बॅरोज पुढे मॅकमास्टरलाच गेले आणि तिथे या दोन्ही गोष्टी जोडल्या गेल्या. त्यांची एक युक्ती आजही रोज वापरतो: ‘टाइम आउट’. विद्यार्थी अडला की तो किंवा ट्यूटर तसं म्हणतो आणि पेशंट जागच्या जागी थांबतो, जणू काही ऐकतच नाही. गट आपसात बोलतो: आता काय वाटतंय, पुढे काय विचारायचं, आणि ते का. ‘टाइम इन’ म्हटलं की पेशंट सोडलेल्या शब्दापासून पुढे सुरू. खऱ्या पेशंटसमोर असं थांबून ‘हा हार्ट अटॅक असेल का रे?’ अशी चर्चा कोण करेल?

एखादी बैठक प्रत्यक्षात कशी चालते?

वरच्याच केसचं उदाहरण घेऊ. पिंपळगाव बसवंतजवळचा द्राक्ष बागायतदार. आत येतो, बसतो, म्हणतो, ‘काही नाही साहेब, पित्त वाढलंय. एखादी गोळी द्या, बागेत माणसं लावलीत.’ पहिल्या मिनिटात तो एवढंच बोलतो.

त्याला दिलेली माहिती तीन थरांत असते. पहिला थर तो आपणहून सांगतो: जळजळ, ढेकर, रात्री वांग्याचं भरीत खाल्लं. दुसरा थर विचारला तरच: साखरेचा त्रास सहा वर्षांपासून, गोळ्या हंगामात चुकतात, मळमळ, डावा हात जड. तिसरा थर विद्यार्थ्याने थोडा धीर दाखवला, मान वर करून पाहिलं, तरच: गेल्या आठवड्यात पाण्याच्या टाकीची शिडी चढताना असंच झालं होतं, थोरला भाऊ असाच बागेत पडला आणि परत उठला नाही, घरी कुणाला सांगितलेलं नाही.

बहुतेक गट पहिल्या फेरीत पित्ताच्या मागे लागतात. पित्ताची गोळी, पँटोप्राझोल, द्यायलाही निघतात. ट्यूटरने इथे गप्प राहायचं, आणि ते फार जड जातं. मग कुणीतरी विचारतं, ‘काका, घाम कधीपासून येतोय?’ आणि खोलीतली हवा बदलते. ईसीजी मागितला तर तो कागदावर तयार असतो: लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी वर गेलेला, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका. मागितलाच नाही तर मिळत नाही.

बैठकीच्या शेवटी फळ्यावर शिकायचे मुद्दे उरतात: हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका पोटात का जाणवतो, मधुमेहात छातीतली कळ अंधूक का असते, पहिल्या दहा मिनिटांत ईसीजीचा आग्रह का, ॲस्पिरिन चावून का द्यायची, ग्रामीण रुग्णालयात रक्ताची गाठ विरघळवणारं औषध द्यावं की नाशिकला पाठवावं आणि ते कोणत्या वेळेच्या आत. पुढच्या बैठकीला तेच काका परत येतात आणि गट त्यांना समजावून सांगतो. बागेत माणसं लावलेली असताना ॲडमिट व्हायला त्यांना पटवणं हाही समस्येचाच भाग असतो.

भूमिका कोण लिहितं? परदेशी तयार केस वापरल्या तर?

आजाराचा सांगाडा घ्या, माणूस घेऊ नका. तयार केसमधला पेशंट वेदनेला दहापैकी आकडा देतो. आपल्याकडचा म्हणतो ‘लईच दुखतंय’ किंवा नुसता हात दाबून दाखवतो.

आम्ही आधी ओपीडीत बसून ऐकतो. माणसं काय म्हणतात ते तसंच टिपतो, ओळख मात्र पुसून. अंगात कणकण आहे, जीव घाबराघुबरा होतो, हातापायाला मुंग्या, धाप लागते, अंगावरून पांढरं जातं, डोळ्यापुढे अंधारी. सटाणा-मालेगावकडून येणारा अहिराणी बोलतो. सुरगाणा-पेठकडच्या आजींना प्रमाण मराठीतला प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. हे भूमिकेत आलं नाही तर विद्यार्थी पुस्तकातल्या पेशंटशीच बोलायला शिकतो.

द्राक्षपट्ट्यात तर एका शब्दावर निदान हलतं. ‘औषध मारलं’ म्हणजे फवारणी केली, आणि ‘औषध घेतलं’ याचा अर्थ कधी गोळी घेतली, कधी विष प्यायलं. दिंडोरीहून लाळ, घाम आणि उलट्या घेऊन आलेल्या तरुणाला ‘औषध घेतलं का?’ विचारलं आणि तो ‘हो’ म्हणाला, तर नेमकं काय कळलं? हा प्रश्न आम्ही भूमिकेत मुद्दाम पेरतो. ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकाची विषबाधा सगळ्यांनी पाठ केलेली असते. अपघात की आत्महत्येचा प्रयत्न, हे हळुवारपणे कसं विचारायचं ते कुणी शिकवलेलं नसतं.

नातेवाईकही सोबत हवा का?

हवाच. यावर मी जरा हट्टी आहे. आपल्याकडे पेशंट एकटा येत नाही आणि आला तरी फोनवर कुणीतरी असतं. तरीही केस लिहिताना खोलीत दोनच माणसं धरली जातात.

सुरगाण्याची सून, अंगात रक्त कमी, थकवा, वारंवार सांधे दुखणं. सोबत सासू. प्रश्न सुनेला, उत्तर सासूकडून: ‘काही खातच नाही ती.’ आदिवासी भागात सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, विचार गटाला सुचायला हवा, तो साधारण सुचतोही. अडचण वेगळीच असते. पाळीबद्दल, आधीच्या गर्भपाताबद्दल सून सासूसमोर बोलणार नाही. सासूला बाहेर कसं पाठवायचं? ‘तुम्ही जरा बाहेर बसा’ म्हटलं तर ती दुखावते, आणि औषधाचे पैसे तिच्याकडे आहेत. गटातल्या एका विद्यार्थिनीने म्हटलं, ‘आजी, तेवढा वजनाचा कागद नर्सताईंकडून आणता का?’ सासूची भूमिका करणाऱ्या बाईंना नकार द्यायला कारणच उरलं नाही. हे कोणत्याही चेकलिस्टमध्ये नव्हतं.

सासूची भूमिका पेशंटपेक्षा अवघड असते, म्हणून ती अनुभवी माणसाला द्यावी.

नाशिकमध्ये नाटकाची एवढी परंपरा आहे. कलाकारच का घेत नाही?

घेतो, पण जपून. शिरवाडकर आणि कानेटकरांच्या या गावात राज्य नाट्य स्पर्धेला उभं राहिलेले लोक गल्लोगल्ली भेटतात. पाठांतर चोख, वेळ पाळतात, रडायला सांगितलं तर रडतात. नेमकी तिथेच पंचाईत होते. कालिदास कलामंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज तीन फुटांवरच्या घाबरलेल्या मुलीवर आदळतो. शिवाय नटाला प्रसंग रंगवायचा असतो; आम्हाला तो विद्यार्थ्याच्या हातात राहू द्यायचा असतो. विद्यार्थ्याने कंटाळवाणे प्रश्न विचारले तर पेशंटने कंटाळवाणंच राहायचं.

निवृत्त शिक्षिका, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून बाहेर पडलेले कामगार, भिशीतल्या काकू: ही मंडळी या कामाला छान रुळतात. आयुष्यभर माणसं पाहिलेली असतात.

इंटर्न किंवा पीजी विद्यार्थ्यालाच पेशंट बनवलं तर? फुकटात होईल.

होईल, आणि घाईच्या वेळी सगळेच करतात. पण त्याला उत्तर माहीत असतं आणि ते लपवता येत नाही. ‘छातीत दुखतं’ म्हणताना त्याचा हात बरोबर छातीच्या मधल्या हाडावर जातो. शिवाय समोरचा विद्यार्थी सिनियरला प्रश्न विचारत असतो, पेशंटला नव्हे.

कोणती लक्षणं दाखवता येतात?

पोट तपासताना कडक करणं, विशिष्ट जागी दाबल्यावर कळवळणं, लंगडणं, चेहऱ्याची एक बाजू सैल ठेवणं, थरथर, धाप, गोंधळलेलं बोलणं, हाताची हालचाल अर्ध्यावर अडणं हे शिकवता येतं. बॅरोजच्या पहिल्या भूमिकेत तर न्यूरॉलॉजीचीच लक्षणं होती.

कावीळ, वाढलेली प्लीहा, हृदयातला मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज), टाचणीएवढ्या झालेल्या बाहुल्या यांचं सोंग आणता येत नाही. विद्यार्थ्याने तपासणी नीट केली, की ट्यूटर त्या तपासणीचा निष्कर्ष लिहिलेलं कार्ड हातात देतो. दुसरा मार्ग संमिश्र पद्धतीचा: पेशंटच्या दंडाला टाके घालायची कृत्रिम त्वचा बांधायची. टाके रबराला पडतात, पण ‘दुखेल का हो?’ असं विचारणारा माणूस खरा असतो. नुसत्या रबराच्या तुकड्याशी कुणी बोलत नाही.

आमच्याकडे दीडशे विद्यार्थी आहेत. हे शक्य तरी आहे का?

पूर्ण अभ्यासक्रम असा चालवणं शक्य नाही, आणि तसा आग्रहही धरू नये. दहाचा गट धरला तर पंधरा गट होतात. पाच पेशंट तयार असले तर तीन पाळ्यांत एक समस्या उरकते. पंधरा ट्यूटर एकदम मिळत नाहीत, म्हणूनही पाळ्या बऱ्या. वर्षात मोजक्या समस्या निवडा, ज्यांत बोलण्यावरच निदान किंवा उपचार अडतात. हाड मोडल्याची केस कागदावर चालते.

२०१९ च्या बॅचपासून आलेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात याला जागाही आहे. ‘ॲटकॉम’चे, म्हणजे वृत्ती, नीती आणि संवादाचे तास वेळापत्रकात असतातच; ते स्लाइड दाखवून संपवण्याऐवजी इथे वापरा.

पेशंटने फीडबॅक द्यायचा की नाही?

द्यायचा, भूमिकेतून बाहेर येऊन. आणि फक्त स्वतःला काय वाटलं तेवढा. ‘भावाबद्दल सांगितलं तेव्हा तुम्ही लिहीत होता, मग मी पुढचं सांगितलं नाही.’ विद्यार्थ्याला हे वाक्य प्राध्यापकाच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा जास्त लागतं. ‘तुम्ही ट्रोपोनिन (हृदयाच्या झटक्यासाठीची रक्ततपासणी) मागवायला हवं होतं’ हे मात्र पेशंटने बोलायचं नाही. ते ट्यूटरचं काम.

परीक्षेत यांचा वापर होतो का?

होतो. रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीतून ओएससीई ही पद्धत मांडली. ठरावीक मिनिटांची टेबलं, प्रत्येकावर एक काम, काही टेबलांवर असा पेशंट. आपल्याकडे आता ही पद्धत ओळखीची आहे. इंग्लंडला जाऊ पाहणारे नाशिकचे विद्यार्थी मँचेस्टरला प्लॅब-२ या तिथल्या परवान्यासाठीच्या परीक्षेत अशाच भूमिकाकारांना भेटतात. अमेरिकेने मात्र २००४ पासून परवान्यासाठी घेतलेली अशी परीक्षा, स्टेप टू सीएस, कोविडमध्ये थांबवली आणि २०२१ च्या जानेवारीत कायमची बंद केली.

माझी तक्रार चेकलिस्टबद्दल आहे. ‘सहानुभूती दाखवली: एक गुण’ असं लिहिलं की मुलं कोणत्याही वाक्यानंतर ‘मी समजू शकतो काका’ म्हणतात. काका फक्त पत्ता सांगत असतात.

मग वॉर्डात जायची गरज कमी होते का?

नाही. सिव्हिलच्या वॉर्डातला वास, गर्दी, शेजारच्या खाटेवरचं रडणं, दोन दिवसांत बदलत जाणारा आजार यातलं काहीही इथे नाही. फायदा एवढाच की पहिल्यांदा अडखळण्याचा भार आजारी माणसावर पडत नाही. वाईट बातमी सांगण्यासारख्या गोष्टी तर आधी इथेच कराव्यात.

मराठी न येणाऱ्या विद्यार्थ्यांचं काय?

अखिल भारतीय कोट्यातून आलेल्यांसाठी सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे तास असतात. त्यातून ‘नाव काय, कुठे दुखतं’ येतं. प्रश्न विचारता येतो, पण आलेलं उत्तर कळत नाही. या मुलांना सिम्युलेटेड पेशंटसोबत जास्त वेळ द्या, कारण तो दहादा तेच सांगायला कंटाळत नाही. मानधन घेतो ना!

चॅटबॉट हेच काम स्वस्तात करणार नाही का?

प्रश्नांचा क्रम बसवायला, रात्री हॉस्टेलवर सराव करायला ठीक आहे. पण चॅटबॉट पदराशी चाळा करत नाही, आणि त्याच्यासोबत सासू नसते.

न सांगता असा पेशंट दवाखान्यात पाठवणं योग्य आहे का?

संशोधनात तसं करतात, नैतिक समितीच्या मान्यतेने. मुंबई आणि पाटण्यात क्षयरोगाच्या उपचारांचा दर्जा असाच तपासला गेला आणि तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकवताना मात्र समोरचा पेशंट सिम्युलेटेड आहे हे विद्यार्थ्याला आधीच सांगितलेलं असावं.

भूमिका करणाऱ्याला काही धोका?

इंजेक्शन नाही, रक्त काढणं नाही, खरं औषध नाही, गुप्तांगांची तपासणी नाही. काय तपासलं जाईल ते आधी लेखी ठरतं आणि मधेच ‘बास’ म्हणायचा हक्क कायम असतो. धोका असतो तो मनाला. कॅन्सरची बातमी एका सकाळी आठ वेळा ऐकायची भूमिका हलकी नाही. अशा दिवशी मधे विश्रांती, शेवटी चहा, आणि स्वतःच्या नावाने हाक मारून दहा मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा, हे वेळापत्रकातच लिहून ठेवावं. ज्यांच्या घरात नुकताच तो आजार होऊन गेला आहे त्यांना ती भूमिका देऊ नये, ती व्यक्ती ‘चालेल हो’ म्हणाली तरीही.

आणखी एक. विद्यार्थी रक्तदाब मोजतो आणि भूमिकेत लिहिलेला आकडा सोडून खराच १८०/११० निघतो. असं होतं. तेव्हा सत्र थांबवायचं, त्या व्यक्तीला बाजूला घेऊन शांतपणे सांगायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं. गटासमोर चर्चा नाही.

मानधन मिळतं का?

मिळायलाच हवं, आणि सरावाच्या वेळेचंही. ‘समाजसेवा समजा’ म्हणणाऱ्या कॉलेजला सहा महिन्यांनी माणसं मिळत नाहीत.

नर्सिंग, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपीला हे लागू होतं का?

होतं. म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली या सगळ्या शाखा येतात, आणि पेशंटशी बोलणं सगळ्यांनाच आहे. एकाच काकूंना सकाळी नर्सिंगच्या आणि दुपारी फिजिओथेरपीच्या मुलींनी भेटावं, भूमिका तीच ठेवून. कोण काय विचारायला विसरलं ते दोन्ही गटांनी एकमेकांना सांगावं.

मला हे काम करून पाहायचं आहे. काय करू?

जवळच्या मेडिकल किंवा नर्सिंग कॉलेजच्या वैद्यकीय शिक्षण विभागात किंवा स्किल लॅबमध्ये विचारा. वय, शिक्षण, इंग्रजी यांची अट सहसा नसते. तुम्हाला एक छोटी हकिकत वाचायला देतील आणि कुणीतरी तुम्हाला प्रश्न विचारेल. विचारलं तेवढंच सांगून थांबता येतं का, एवढंच त्यात पाहतात. गप्पिष्ट माणसांना इथे थोडा त्रास होतो. पहिल्या भूमिकेला साधारण दोन-तीन सराव लागतात. आपल्या मूळ गावाची बोली येत असेल तर अर्जात ते आधी लिहा. अहिराणी किंवा कोकणा बोलणारं माणूस आम्ही शोधतच असतो.